सल्ला हवा: बिल्ड सिस्टिमचं रेफरन्स डॉक्युमेंटेशन कसं सुधारावं?

रात्रपाळी:
मंडळी, आमच्याकडे सीमेकवर (कोडपासून प्रोग्रॅम बनवायच्या सूचना तयार करणारं साधन) उभी केलेली घरगुती बिल्ड सिस्टिम आहे. बरीच फंक्शनं, थोडे मॅक्रो. माहिती विकीवर पडून आहे. नवीन माणूस ती न उघडता शेजारच्या प्रोजेक्टमधून कॉपी मारतो, नाहीतर मला पिंग करतो. आता साहेबांनी "डॉक्युमेंटेशन सुधारा" असं तिकीट टाकलंय. विकीच झाडूनपुसून घेऊ की ट्युटोरियल लिहू?

सी_प्लस_काका:
विकी सोडा. खुद्द सीमेकचं बघा. २०१४ च्या ३.० आवृत्तीपासून त्यांची पानं आरएसटी (साध्या मजकुरातली मांडणी) फायलींतून स्फिंक्स हे डॉक्युमेंटेशनचं साधन बनवतं, आणि त्या फायली सोर्सच्याच रिपॉझिटरीत असतात. कितीतरी मॉड्यूलांची माहिती तर मॉड्यूलच्याच फाइलीत, वरच्या ब्रॅकेट कमेंटमध्ये. नवं आर्ग्युमेंट घालणाऱ्याने त्याच मर्ज रिक्वेस्टमध्ये (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) माहितीही लिहायची. नाही लिहिली तर रिव्ह्यूत धरता येतं. विकीवर कोण कोणाला धरणार?

रात्रपाळी:
कमेंटा आहेत हो काका. पण 'अ‍ॅड_युनिट_टेस्ट' वर लिहिलंय "युनिट टेस्ट अ‍ॅड करतं". झालं!

निशिगंध७:
खरं दुखणं हेच आहे, जागा बदलून ते जाणार नाही. रेफरन्स उघडणाऱ्याला नाव आधीच माहीत असतं. त्याला हवं असतं: डिफॉल्ट काय, दोनदा बोलावलं तर आधीचं पुसलं जातं की भर पडते, आणि सापेक्ष पाथ कुठून मोजायचा.

शेवटच्यावर जोर द्या. 'अ‍ॅड_कस्टम_कमांड'ला वर्किंग डिरेक्टरी सापेक्ष दिली तर ती बिल्ड ट्रीतून (बनलेल्या फायलींचं फोल्डर) मोजली जाते. 'टार्गेट_सोर्सेस'मध्ये फायली सोर्सच्या बाजूने. त्यातही ३.१३ मध्ये सीएमपी००७६ पॉलिसी (जुनं वागणं की नवं, ते ठरवणारी सेटिंग) आली आणि दुसऱ्या डिरेक्टरीतून जोडलेल्या फायलींचा अर्थच बदलला. अंदाजाने कोणाला कळणार हे? तुमच्या फंक्शनची नोंद अशी काहीतरी हवी:

सोर्सेस – किमान एक फाइल. सापेक्ष पाथ बोलावणाऱ्या सीमेकलिस्ट्स फाइलीच्या फोल्डरपासून.
टाइमआउट – सेकंदांत. न दिल्यास ६०. शून्य दिल्यास कॉन्फिगर एरर देऊन थांबतं.

कंटाळवाणं वाटेल, पण पिंग यानेच थांबतात. नोंद लिहिताना कोड वाचून लिहा, लेखकाला विचारून नको. त्याला वाटतं ते आणि कोड करतो ते, यात फार अंतर असतं राव.

टाकीवाला:
+१. आणि उदाहरणं हाताने टाइप करू नका. छोटासा प्रोजेक्ट ठेवा, तो सीआयमध्ये (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणारी यंत्रणा) रोज बिल्ड होऊ दे, आणि स्फिंक्सच्या लिटरलइन्क्लूडने त्याच्याच ओळी पानात ओढा. उदाहरण मोडलं की बिल्ड लाल.

रात्रपाळी:
मग ट्युटोरियल नकोच?

निशिगंध७:
हवं, पण वेगळ्या पानावर. रेफरन्समध्ये "चला, आता आपण पाहू" सुरू झालं की टाइमआउट शोधणारा माणूस वैतागतो.

सी_प्लस_काका:
माझं मत जरा उलट. टीम लहान असेल तर ट्युटोरियल नकोच, उदाहरणाचा प्रोजेक्टच पुरतो. त्यापेक्षा प्रत्येक आर्ग्युमेंटपुढे "अमुक आवृत्तीपासून" लिहा. जुन्या ब्रँचवरचे लोक आशीर्वाद देतील.

रात्रपाळी:
सुरुवात कुठून करू? सगळी एकदम होणार नाहीत.

टाकीवाला:
रिपॉझिटरीत ग्रेप (शब्द शोधायची कमांड) मारा. जे फंक्शन सगळ्यात जास्त ठिकाणी बोलावलंय ते पहिलं. आणि जे कुठेच सापडणार नाही, त्याचं डॉक्युमेंटेशन लिहू नका, सरळ उडवा.