चारही रात्री तेच बघायला?

प्रेषक: मेधा
नमस्कार मंडळी,
मंडळाच्या कामाचा हा विषय नाही, पण विचारायला दुसरी जागाही नाही. आमचा धाकटा १७ वर्षांचा आहे. २८ ते ३१ डिसेंबर न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला ‘फिश’ या रॉक बँडचे कार्यक्रम आहेत आणि त्याला चारही रात्री जायचंय. एक रात्र मी समजू शकते. तीच चार माणसं, तेच स्टेज, मग चार वेळा कशासाठी? श्रीरंग, गणपतीत प्रसादाच्या रांगेत तू आणि तो तासभर याच विषयावर बोलत होतात, म्हणून तुलाच विचारते.
मेधा

प्रेषक: श्रीरंग
मेधाताई,
जाऊ दे त्याला. चारही रात्री जाऊ दे.

मी २००६ मध्ये बर्लिंग्टनला शिकायला आलो. हा बँड त्याच गावातला, १९८३ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफ व्हरमाँटच्या पोरांनी सुरू केलेला. पण मी पोचलो तेव्हा तो बंद पडून दोन वर्षं झाली होती. माझ्या रूममेटकडे खोकंभर रेकॉर्डिंग होती, सगळी प्रेक्षकांनी केलेली. कार्यक्रमात माइक लावून रेकॉर्ड करायला हा बँड उघड परवानगी देतो, त्यासाठी वेगळी तिकिटं असतात. रेकॉर्डिंग कुणालाही द्यावं, पैसे मात्र घेऊ नयेत, एवढीच अट. हिवाळाभर मी ती ऐकली. जो बँड आता नाही त्याच्या प्रेमात पडलो होतो. मार्च २००९ मध्ये व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनला ते पुन्हा एकत्र आले आणि त्या डिसेंबरात मी गार्डनमध्ये उभा होतो. दिवे गेले, चौघे चालत आले, आणि काही वाजायच्या आधीच माझे डोळे भरून आले.

आता तुझा प्रश्न. ‘तेच’ नसतं. २०१७ च्या उन्हाळ्यात त्यांनी गार्डनला १३ रात्री केल्या. २३७ गाणी वाजवली आणि एकही गाणं परत घेतलं नाही. रोज रात्रीला एका डोनटचं नाव, लवकर येणाऱ्यांना तो डोनट फुकट, आणि गाणी त्या चवीला धरून. मी त्यातल्या चार रात्री गेलो. २५ जुलैला जॅम भरलेला डोनट होता, त्यामुळे जॅमची रात्र. (गाणं आयत्या वेळी सुचेल तसं वाढवत नेतात, त्यालाही जॅमच म्हणतात.) त्यांचं ‘लॉन बॉय’ नावाचं अडीच-तीन मिनिटांचं गाणं आहे. पियानोवाला पेज मॅकॉनेल हातात माइक घेऊन पुढे येतो आणि जुन्या हॉटेलातल्या गायकासारखं ते गातो, लोक हसतात, टाळ्या होतात, गाणं संपतं. त्या रात्री संपायच्या जागी ते संपलंच नाही. पहिल्यांदा वाटलं, थोडं लांबवताहेत. मग वाटलं, आता परत येतील. आले नाहीत. गाणं मागे राहिलं, ताल बदलत गेला, दिवे हिरव्यावरून जांभळ्यावर गेले. (दिवे चालवणारा क्रिस कुरोडाही त्यांचं ऐकत ऐकतच चालवतो, तो पाचवा वादकच म्हण.) माझ्या शेजारी पांढऱ्या दाढीचा एक अनोळखी माणूस होता. त्याने माझा दंड घट्ट धरला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता धरून उभा राहिला. वरच्या मजल्यावर होतो आम्ही. इतके लोक एका ठेक्यात उड्या मारत होते की पायाखालची फरशी हलत होती, खरोखर हलत होती. अर्धा तास चाललं ते.

हे जमतं कसं, ते सांगतो. चौघांनी नव्वदच्या दशकात ऐकण्याचा रियाझ केला. एकाने एक छोटा तुकडा सुरू करायचा, बाकीच्यांनी त्याला जुळेल असं काहीतरी जोडायचं. चारही जण जुळले असं ज्याला वाटेल त्याने ‘हे’ (इंग्रजीतलं ‘hey’) म्हणायचं, आणि चौघांचे ‘हे’ झाल्यावरच पुढे जायचं. स्वतःचं वाजवताना दुसऱ्या तिघांचं ऐकू येतंय का, एवढीच परीक्षा. म्हणून गिटारवर ट्रे अ‍ॅनास्टाशियो नुसता दोन स्वरांवर थांबला की बेसवाला माइक गॉर्डन तिथे दार उघडून देतो. ते थांबणं मला सगळ्यांत जास्त आवडतं. रसिक जॅमचे दोन प्रकार मानतात. पहिल्यात गाण्याची चौकट शाबूत असते, दुसऱ्यात ती सुटते. दुसरा कधी होईल हे कुणीच सांगू शकत नाही. चार रात्री जायचं ते त्यासाठी.

तू म्हणशील, रेकॉर्डिंग मिळतं ना? मिळतं. ‘लॉन बॉय’ मी पन्नासवेळा तरी ऐकलंय. पण फाइल उघडली की आधी तिची लांबी दिसते. अर्ध्या तासाचं आहे हे माहीत असताना ऐकणं वेगळं. गार्डनमध्ये ते किती चालणार हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि त्या चौघांनाही नव्हतं. ही माहिती नसणं फक्त तिथेच मिळतं.

१९९९ च्या ३१ डिसेंबरला फ्लोरिडात ते मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत वाजवत होते. ती रात्र मी रेकॉर्डिंगवरच ऐकली आहे. त्याला अशा रात्री चुकवायला लावू नकोस.

गाडीची काळजी नको. मेट्रोपार्कला ट्रेनमध्ये बसायचं, पेन स्टेशनला उतरायचं, गार्डन बरोबर डोक्यावर. मी ३० आणि ३१ ला आहे, परत येताना बरोबर आणीन. कानात घालायचे बोळे मात्र हवेतच, माझ्याकडे जास्तीच्या जोड्या आहेत.
श्रीरंग

प्रेषक: वसंतकाका
चि. श्रीरंग,
बँडमधलं मला काही कळत नाही, पण तुझं पत्र दोनदा वाचलं. सवाई गंधर्व रात्रभर चालायचं तेव्हा पहाटेपर्यंत बसलेला माणूस मी. गारठलेल्या मांडवात शाल गुंडाळून बसायचं, आणि भैरवी सुरू झाली की बाहेर पडून पहिला चहा.

लांबीचं तू लिहिलंस ते पटलं. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची. गिरगावात एका घरगुती बैठकीला मी रेकॉर्डर घेऊन बसलो होतो. गाणाऱ्या बाईंचा मारवा राग ऐन रंगात आला आणि खट्‌कन बाजू संपली. उलटून लावेपर्यंत दोन आवर्तनं गेली. ती कॅसेट नंतर कितीजणांनी माझ्याकडून उतरवून नेली, मीही त्यांच्याकडून दुसऱ्या घेतल्या. पैशाचा प्रश्नच नसायचा. पण ती दोन आवर्तनं कुणाकडेही नाहीत. त्या खोलीत होतो ते वीस-बावीसजण, त्यांच्याकडेच. मधल्या धैवतावर बाई अशा थांबल्या होत्या की तबलेवाल्याने मान वर करून बघितलं. आजही कॅसेट लावली की ती जागा यायच्या आत मी मनातल्या मनात ती भरून घेतो.

मेधा, पोराला जाऊ दे. परत आला की माझ्याकडे पाठव. त्याच्याकडून ऐकायचंय.
वसंतकाका

प्रेषक: मेधा
काका, श्रीरंग,
दोन्ही पत्रं त्याला वाचून दाखवली. काकांचं त्याने माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं आणि विचारलं, “मारवा म्हणजे काय?” मग आम्ही मारवा लावला. पंधरा मिनिटं फोन बाजूला ठेवून बसला होता, आणि षड्जावर यायला इतका वेळ का लावतात असं विचारत होता.

चारही रात्रींची परवानगी दिली आहे. २८ आणि २९ ला त्याचे मित्र आहेत. ३० ला मी जातेय त्याच्याबरोबर, कालच तिकीट घेतलं, वरच्या मजल्यावरचं. फरशी हलते ती तिथलीच ना?

श्रीरंग, बोळ्यांच्या दोन जोड्या ठेव. काका, १ जानेवारीला दुपारी तो झोपेतून उठला की तुमच्याकडे घेऊन येते.
मेधा