सोंगणीच्या वेळी वीज कडाडू लागली तर बायांना वावरात थांबवायचं कुठे?

काळीमाती_यवतमाळ:
सोयाबीन सोंगायला पुढच्या आठवड्यात दहा-बारा बाया येणार. वावर उघडं आहे, बांधावर एकच मोठा कडुनिंब, विहिरीजवळ चार लाकडी बल्ल्यांवरचं पत्र्याचं शेड, गाव पायी वीस मिनिटं. परतीच्या पावसात दुपारी तीननंतर गडगडाट झाला की सगळ्या जणी कडुनिंबाखाली गोळा होतात. बकऱ्या तारेच्या कुंपणाला बांधलेल्या असतात. त्यातल्या त्यात शेड बरं का? मोबाईल बंद ठेवावेत का? आणि अरेस्टर (वीज पकडून जमिनीत उतरवणारा खांब) बसवला तर किती वावर झाकतं?

बांधावरचा_माणूस:
कडुनिंब पहिला बाद करा. थेट अंगावर वीज पडून जाणारे थोडेच असतात. झाडावर पडलेली वीज खोडातून बाजूच्या माणसाकडे उडी घेते, नाहीतर मुळांजवळून जमिनीत पसरते. जमिनीतला विजेचा दाब खोडापासून लांब जाताना झपाट्याने उतरतो. त्यामुळे एक पाय जवळ आणि दुसरा लांब असला तर दोन्ही पायांतल्या दाबात फरक पडतो आणि करंट एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. जनावराचे पुढचे-मागचे पाय तर आणखी लांब, वाटेत काळीज. म्हणूनच झाडाखालचे अख्खे कळप एका दणक्यात आडवे होतात.

लाकडी बल्ल्यांवरचं शेड पावसापुरतं. पत्र्यावर वीज पडली तर तिला जमिनीत जायला धातूची वाट नाही. मग ती बल्ली फोडत किंवा खाली उभ्या माणसातून जाते. सळईचा स्लॅब आणि भिंती असलेली खोली किंवा पत्र्याच्या टपाची चारचाकी, एवढ्या दोनच जागा भरवशाच्या. ट्रॅक्टर आणि मोटारसायकल त्यात धरू नका.

तुमच्याकडे खोली नाही, म्हणून माझं मत असं की बाया ज्या गाडीतून येतात ती संध्याकाळपर्यंत वावराशीच उभी ठेवा. ड्रायव्हरला दुसरी खेप मारू देऊ नका. गाडी बंद टपाची हवी, ताडपत्रीची नको, आणि सगळ्या एकदम मावतील एवढी. आत काचा वर, हात पत्र्याला लावायचा नाही.

वेळ अशी धरा. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर, आणि तेवढ्या लांबच्या ढगाची वीजही तुमच्या वावरात पडू शकते, डोक्यावर पाऊस नसताना. गाव वीस मिनिटांवर असेल तर मोजत बसायला वेळच नाही. पहिला गडगडाट ऐकला की विळे खाली आणि गाडीकडे निघायचं. ‘एवढी पात उरकू दे’ यातच घोळ होतो. शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास परत फिरायचं नाही.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ अॅप मुकादमाच्या फोनमध्ये टाका, लोकेशन चालू ठेवा. २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर सूचना येते. मोबाईल वीज ओढत नाही, बंद करायची गरज नाही. भिंतीतल्या चार्जरला लावून बोलणं मात्र धोक्याचं.

बकऱ्या कुंपणापासून आजच सोडा. तारेवर लांब कुठेही वीज पडली तरी ती तारेतून धावत येते. लाकडी खुंटी, सुताची दोरी, साखळी नको, आणि खुंट्या एकमेकींपासून लांब.

तारकरी_वाशिम:
अरेस्टरबद्दल. ढोबळ हिशेब ४५ अंशांचा: दहा मीटरचा खांब बुडाशी चहूकडे साधारण दहा मीटर सांभाळतो. एकराची बाजूच चौसष्ट मीटरच्या आसपास, त्यामुळे एका खांबात वावर झाकत नाही. अरेस्टर घराला किंवा गोठ्याला लावायची गोष्ट. शंभर मीटर झाकतो म्हणून खांबावर बसवायची महागडी टोपी विकणारे येतील, त्या दाव्याला वीज-संरक्षणाच्या आयएस/आयईसी ६२३०५ या मानकात आधार नाही.

गोठ्याला लावाल तर खाली उतरणाऱ्या पट्ट्या दोन, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, काटकोनात न वळवता. तांब्याची पट्टी चोरीला जाते, जस्ती लोखंडाची लावा. अर्थिंग दहा ओहमच्या आत हवं. काळ्या मातीत इथेच फसगत होते. ऑक्टोबरात ओलीमुळे आकडा झकास येतो, मे महिन्यात जमीन भेगाळते आणि माती अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच. म्हणून मोजणी मेमध्ये करा आणि खड्ड्यात पाणी घाला.

काळीमाती_यवतमाळ:
विहिरीवरच्या पाच एचपी मोटरचं काय? ऐन कडकडाटात फ्यूज काढावा का?

तारकरी_वाशिम:
अजिबात नाही, तेव्हा स्टार्टरला हातही लावू नका. आभाळ भरायच्या आधी मेन स्विच पाडून तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून ठेवा. नुसता स्टार्टर बंद केल्याने पेटीपर्यंत आलेली लाइन तुटत नाही. ऑटो स्विच (लाइट आल्यावर मोटर आपोआप चालू करणारा) बसवला असेल तर तोही काढा.

परिचारिका_वणी:
उकिडवं बसण्याबद्दल लिहिते. दोन्ही टाचा चिकटवून, कान झाकून, मान खाली घालून बसायचं, आडवं व्हायचं नाही. पण हा अगदीच कुठे जायची सोय नसतानाचा उपाय, त्याने धोका थोडाच कमी होतो. बायांनी घोळक्यात न बसता एकमेकींत अंतर ठेवावं, म्हणजे एकीला लागलं तरी बाकीच्या उठून मदत करतील.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही, लगेच हात लावा. बरेच जण जखमी असतील तर जो निपचित पडलाय त्याच्याकडे आधी जा. हृदय बऱ्याचदा परत चालू होतं, श्वास मात्र बंदच राहतो. म्हणून छातीच्या मध्यभागी ५ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने ३० दाब आणि मग तोंडाने २ श्वास. १०८ लागेपर्यंत आणि लागल्यावरही थांबू नका. मातीत पुरणं, शेण लावणं यात जीव जातो.

बांधावरचा_माणूस:
एक राहिलं. जनावर दगावलं तर पुरायची घाई करू नका. आधी तलाठ्याला कळवून पंचनामा, पशुवैद्यकीय डॉक्टरांचा दाखला आणि जागेवरचे फोटो. २०२२-२६ च्या सरकारी निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, बैलाला ३२,०००, शेळीला ४,००० असा मदतीचा दर होता. माणूस गेला तर त्याच निकषांत वारसांना ४ लाख, पण शवविच्छेदनाशिवाय प्रकरण पुढे सरकत नाही.