फोनात स्पायवेअर (गुपचूप पाळत ठेवणारं ॲप) घालणाऱ्यासाठी वेगळा कायदा पाहिजे का?

मांजराकाठचा, लातूर
परवा आमच्या काकाच्या व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका.एपीके' आली, एपीके म्हणजे दाबलं की फोनात ॲप बसवणारी फाईल. लग्नसराई चालू, काकानं दाबली, मग अलाव, अलाव, अलाव. पत्रिका काय उघडली नाही पण ओटीपीचे मेसेज परस्पर कुठं तरी जायले आन सोयाबीनचे ६२ हजार दोन तासात साफ. माझं म्हणणं, असलं ॲप बनवणं, विकणं, दुसऱ्याच्या फोनात घालणं हाच वेगळा गुन्हा करा, पैसे जाओत नाहीतर राहोत, आन जामीन नको.

काळी माती
कायदा हाय की भाऊ. आयटी ॲक्ट २०००, कलम ४३, परवानगीशिवाय घुसणं, व्हायरस सोडणं सगळं त्यात. बेइमानीनं केलं की कलम ६६, ३ वर्षांपर्यंत कैद नाहीतर ५ लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही. कलम वाढवून काय होणार, तपास पीआय म्हणजे पोलीस निरीक्षकाच्या खालच्यानं करायचाच नाही असं कलम ७८ म्हणतंय आन आमच्या ठाण्याच्या पीआयला बंदोबस्तातून मान वर करायला सवड नाही.

मांजराकाठचा, लातूर
तेच ३ वर्षं त्याच ॲक्टच्या ७७-ब नुसार जामीनपात्र हायत ना. म्हैस चोरली तर अजामीनपात्र आन फोनात शिरला तर जामीन, हे कसं काय?

काळी माती
काकाचे पैसे गेलेत, मग भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८(४) बी लागतं, ७ वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र.

मांजराकाठचा, लातूर
पैसे गेल्यावर ना! मी घुसण्याचं बोलायलोय.

नाव नको, नांदेड
तुम्ही सगळे पैशावरच अडलात. माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्यानं तिच्या फोनात गुपचूप ॲप टाकलं, दुपारी ती आईसंगं काय बोलली ते रात्री जेवताना शब्द न शब्द म्हणून दाखवायचा. हिला वाटायचं शेजारीण सांगती, बिचारीशी बोलणंच तोडलं. ठाण्यात म्हणले घरचं भांडण हाय, मिटवा. ६६ ला बेइमानी दाखवावी लागती, म्हणजे कुणाचा तरी गैरफायदा नाहीतर नुकसान, आन हा म्हणतो मी काळजीपोटी केलं. न्याय संहितेच्या ७८ मध्ये बाईच्या इंटरनेटवर, मेसेजवर पाळत ठेवणं पाठलागात येतं, ते तिला कुणी सांगितलंच नाही.

उगंच आपलं
कडक कायदा सरकारला बी लागणार का? पेगासस या इस्रायली स्पायवेअरनं पाळत ठेवल्याचा आरोप झाला त्या वेळी सुप्रीम कोर्टाच्या समितीनं २९ फोन तपासले, ५ मध्ये मालवेअर निघालं, पण ते पेगाससच हाय असं छातीठोक सांगता आलं नाही आन सरकारनं सहकार्य केलं नाही हे सरन्यायाधीशांनी भर कोर्टात सांगितलं. जामीन काढून घेतला तर आत बसणार कोण, कॉलेजातलं पोरगं.
आन काकानं स्वतःच अलाव दाबलं, मग 'परवानगीशिवाय' कसं म्हणायचं?

मांजराकाठचा, लातूर
सोयरिकीला आलेल्याला ओसरीवर बसवलं म्हणजे कोठीची किल्ली दिली का? परवानगी पत्रिका बघायपुरती होती.

काळी माती
हे मात्र बरोबर बोललास. १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला का पण?

मांजराकाठचा, लातूर
लावला, दुसऱ्या दिवशी. काका लाजून रात्रभर बोललाच नाही कुणाला. १४ हजार गोठवलेत म्हणे.