उन्हाळी माळव्याचं बी कधी टाकायचं? कोरेगाव, जत आणि महाबळेश्वर

कोरेगावचा मळा:
रामराम मंडळी. १० गुंठे टोमॅटो आणि कडेनं भेंडी, काकडी, दोडका असं उन्हाळी माळवं करायचंय. पाणी ठिबकचं आहे. बियाण्याच्या पाकिटावर 'जानेवारी ते मार्च' एवढंच छापलंय. पाव्हण्यांचं रान जतला, मेव्हण्यांचं महाबळेश्वरच्या पठारावर. तिघांनी एकाच दिवशी बी टाकलं तर जमेल का?

कृष्णाकाठ:
नाही जमणार. बी टाकताना रात्रीची थंडी बघायची आणि फूल लागताना दुपारचं ऊन. बहुतेक जण पहिलं बघतात, दुसरं विसरतात. दिवसाचं तापमान ३५ अंशांवर गेलं आणि रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोचे परागकण निकामी होतात आणि फूल देठातून गळतं. मग टॉनिक मारून काही होत नाही.

म्हणून उलटं मोजा. थंडीत रोप तयार व्हायला २५ ते ३० दिवस, लागणीनंतर फुलाला साधारण ३० दिवस. कोरेगाव, कराड, वाळवा या पट्ट्यात डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रोपांचे ट्रे (छोट्या कप्प्यांचे) भरून बी टाका, जानेवारीअखेर लागण करा, मार्चच्या सुरुवातीला फूल येईल. संक्रांतीनंतर आठवडाभरानं टाकलेलं बी मार्चच्या उत्तरार्धात फुलतं आणि तिथंच माल कमी पडतो. वांगं त्यामानानं काटक, जानेवारीत रोप टाकलं तरी चालतं. मिरचीला मात्र रोपालाच ४० ते ४५ दिवस जातात, ती डिसेंबरच्या मध्यालाच टाका.

जत कोरडवाहू:
जत, आटपाडी, माण या बाजूला वरची तारीख आणखी १०-१२ दिवस अलीकडं घ्या, म्हणजे टोमॅटोचं बी डिसेंबरच्या मध्याला. इकडं ऊन लवकर चढतं. पण रात्री कोरड्या हवेमुळं गारठाही असतो, त्यामुळं ट्रे उघड्यावर ठेवले तर बी उगवायलाच उशीर लावतं.

पाव्हण्यांना दोन गोष्टी सांगा. बोअरचं पाणी खारं असेल तर रोपाला ते देऊ नका, पानांच्या कडा करपतात. टाकीत साठवलेलं गोडं पाणी वापरा. आणि ट्रे भरायच्या दिवशीच लागणीच्या रानाभोवती मक्याच्या दोन ओळी टोका. लागणीपर्यंत मका वर येतो, वारं अडतं आणि पांढरी माशीही थोडी थोपते. पानं आकसणारा व्हायरस तीच आणते.

वाई रोपवाटिका:
ट्रेचं गणित. साडेचार फुटांचा बेड, दीड फुटावर रोप, म्हणजे १० गुंठ्यांना साधारण १६०० रोपं. ९८ कप्प्यांचे १९ ट्रे भरा, मर-तूट धरून पुरतात. एका ट्रेला ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सव्वा किलोच्या आसपास लागतं. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. बी अर्धा सेंटीमीटर खोल, वर पातळ थर.

मग १० ट्रे एकावर एक रचून प्लॅस्टिकनं गुंडाळा. आत ऊब धरते, थंडीत याचाच उपयोग. टोमॅटो ४-५ दिवसांत, वांगं ५-६, मिरची ७-९ दिवसांत डोकं काढते. तिसऱ्या दिवसापासून रोज उघडून बघा. कोंब दिसले की त्याच दिवशी ट्रे पसरा. एक दिवस जरी जास्त राहिले तरी रोप लांबट, पिवळं होतं आणि ते पुन्हा सुधरत नाही.

पाणी सकाळीच. संध्याकाळी दिलेलं पाणी रात्रभर थंडगार राहतं आणि रोपं बुडातून कोलमडतात. भरतानाच कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा (रोपांची मर रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. वर ४०-५० मेशची, म्हणजे बारीक विणीची जाळी. शेवटचे ४-५ दिवस पाणी कमी करून सावली काढा, नाहीतर लागणीनंतर माना टाकतात.

महाबळेश्वरच्या पठारावर टोमॅटोचं बी फेब्रुवारीच्या सुरुवातीला टाका. वेण्णा तलावाकडं दव गोठतं तेव्हा घाई कशाला? पण उशीरही नको, जूनचा पाऊस लागायच्या आत तोडे उरकले पाहिजेत. आणि पठाराची तारीख खाली मेढ्याला लावू नका, तिथं ऊन आधी चढतं. खोलगट, ओढ्याकाठच्या रानात रात्रीची गार हवा साचते, तिथं बांधावरच्या रानापेक्षा चार-सहा दिवस थांबा.

कोरेगावचा मळा:
ट्रेचं समजलं, आभारी. भेंडी आणि वेलवर्गीय रथसप्तमीला टोकतात म्हणे. ते धरू का?

कृष्णाकाठ:
रथसप्तमी कधी जानेवारीच्या शेवटी येते, कधी फेब्रुवारीच्या मध्याला. त्यापेक्षा सकाळी आठला दोन इंच खोल मातीत थर्मामीटर खुपसा. सलग ४-५ दिवस १८-२० अंश दिसले की भेंडी टोका. त्याखाली बी फुगतं पण उगवत नाही, काळ्या रानात कुजून जातं. बी रात्रभर भिजवा. आधी रान भिजवून वाफशावर (माती ओलसर पण चिखल नाही तेव्हा) २ ते अडीच सेंटीमीटर खोल टोका. टोकल्यावर भरपूर पाणी दिलं की वर पापुद्रा धरतो आणि कोंब खालीच वाकतो. फेब्रुवारीच्या पुढं ढकलू नका, ऊन वाढेल तशी पांढरी माशी वाढते आणि शिरा पिवळ्या पडणारा केवडा कोवळ्या झाडालाच लागतो.

काकडी, दोडका जानेवारीच्या मध्याला ट्रेत टाका आणि दोन पानांवर, १५ दिवसांत लावा. वेलाचं रोप ट्रेत म्हातारं झालं की मुळं गुंडाळतात आणि वेल पुढं सरकत नाही. उशिरा लावलेल्या वेलाला कडक उन्हात नर फुलंच जास्त येतात. मग मांडव भरलेला दिसतो, फळ दिसत नाही.

जत कोरडवाहू:
कारलं करणार असाल तर बी २४ तास कोमट पाण्यात भिजवा आणि टोकाकडचं कवच नेलकटरनं जरासं तोडा. जाड कवचाचं बी थंडीत असंच टाकलं तर पंधरा दिवस वाट बघायला लावतं.