मदत हवी आहे: दुकानांच्या टॅलीवरून देशाचा कल कळतो का? उत्तर उलटं येतंय

रोजमेळ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी उदगीरला कर सल्लागार आहे. किराणा, कापड, हार्डवेअर, कृषी सेवा केंद्रं, दोन-चार आडती आणि एक डाळ मिल असे 52 जणांचे हिशेब माझ्या ऑफिसात टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर लिहिलेले आहेत. अर्थशास्त्र बी.कॉम.पुरतं शिकलोय, तेव्हा चुकलं तर सरळ सांगा.

नोव्हेंबर 2025 च्या शेवटी जुलै-सप्टेंबर तिमाहीत जीडीपी 8.2 टक्के वाढल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी एक कृषी सेवा केंद्रवाले पेपर घेऊनच आले. "भाऊ, देश आठ टक्क्यानं वाढला म्हणे. मंग माझी उधारी कामून येईना?" हसून चहा मागवला, पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. सप्टेंबरात इकडं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं होतं, हे कारण आहेच. तरी वाटलं, 52 दुकानांची पुस्तकं आपल्याकडं पडून आहेत, बघावं तरी काय दिसतं ते.

परदेशात हे चालतं. न्यूझीलंडची झिरो नावाची अकाउंटिंग सॉफ्टवेअर कंपनी आपल्या ग्राहकांची पुस्तकं नावं काढून एकत्र करते आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटनमधल्या लहान धंद्यांची विक्री, नोकऱ्या, पगार आणि बिलाचे पैसे यायला लागणारे दिवस छापते. अमेरिकेत एडीपी पगाराच्या नोंदींवरून रोजगाराचा आकडा देते, तेही 2006 पासून.

विक्रीचा अंदाज आपल्याकडं जीएसटीवरून येतो, पण जीएसटीत माल कधी विकला एवढंच असतं. पैसे कधी आले ते रिटर्नमध्ये कुठंच नसतं, ते फक्त वहीत. बियाण्याला तर जीएसटीच नाही. म्हणून मी "पैसे यायला किती दिवस" हाच आकडा धरला.

आता अडचण. ऑक्टोबर-डिसेंबर 2024 ला सरासरी 71 दिवस आले आणि 2025 च्या त्याच तिमाहीला 64. म्हणजे उधारी लवकर वसूल होतेय! बाजारात कुणालाही विचारा, उलटंच सांगेल. माझं कुठं चुकतंय?

मध्यक

रोजमेळ, प्रश्न आवडला. आधी जीडीपीचं बघू. 8.2 हा महागाई वजा केलेला आकडा. तुमची वही चालू भावाने लिहिलेली, त्यामुळे विक्री ताडून बघायची असेल तर चालू किमतींचा आकडा घ्या. त्या तिमाहीत तो 8.7 होता. यावेळी फरक अर्ध्या टक्क्याचा म्हणून बिघडत नाही, पण महागाईच्या वर्षात मोठा घोळ होईल.

दुसरं, 64 ही सगळ्यांची एकत्र सरासरी आहे का? तसं असेल तर तो आकडा तुमच्या डाळ मिलचा आहे, दुकानांचा नाही. तिच्या एका ट्रकच्या बिलात वीस किराणे बुडतील. प्रत्येक दुकानाचे दिवस वेगळे काढा, चढत्या क्रमाने लावा आणि मधला आकडा घ्या.

आणि 2024 ला होती ती सगळी दुकानं 2025 ला आहेत का?

चारआणे

52 दुकानांवरून देशाचा कल? सरकारच्या असंघटित क्षेत्राच्या पाहणीत 2023-24 ला शेती सोडून 7 कोटी 34 लाख आस्थापना निघाल्या. त्यातल्या बहुतेकांकडे टॅली सोडा, वहीसुद्धा नसेल. तुमच्याकडे येतो तो आधीच बरा चालणारा माणूस. टपरीवाला तुमच्या पुस्तकात कुठं आहे?

मध्यक

चारआणे, मुद्दा रास्त आहे. पण तिमाही जीडीपीत तरी टपरीवाला थेट कुठं मोजला जातो? हा 8.2 ज्या 2011-12 पायावर्षाच्या मालिकेतला, तीत असंघटित क्षेत्राचा आकडा पाहणीच्या वर्षावरून पुढे ओढला जायचा, आणि ओढायला बऱ्याचदा संघटित क्षेत्राचेच निर्देशक लावायचे. नोटबंदीनंतर अर्थतज्ज्ञांचा मुख्य आक्षेप हाच होता: मोठा सावरला म्हणजे लहानही सावरला असं धरून चालायचं का? रोजमेळ यांच्या 52 दुकानांवरून देश कळणार नाही. पण मोठ्या आकड्यात जे दिसत नाही ते कदाचित दिसेल.

जालनेकर

मीही हिशेबच लिहितो, जालन्यात. भाऊ, तुम्ही दिवस बिलवाईज, म्हणजे कुठलं बिल कधी फिटलं यावरून काढलेत ना? मग गेलं सगळं.

आमच्याकडचं खरं खातं सांगतो, नाव सोडून. जूनमध्ये बियाणं, डीएपी खत आणि तणनाशक मिळून 11,480 चं बिल. नोव्हेंबरात 5,000 आले. पोराने एंट्री केली "ऑन अकाउंट", कुठल्या बिलापोटी ते लिहिलंच नाही. परत हरभऱ्याचं बियाणं उधार, परत 3,000 ऑन अकाउंट. टॅलीत आजही जूनचं बिल अख्खं 11,480 थकलेलं दिसतं आणि 8,000 खाली वेगळे लोंबतात. आणि जो पोरगा कुठल्या बिलापोटी ते लिहितो, तोही हाताला येईल ते बिल टाकतो. बहुतेकदा शेवटचं. त्या दुकानाचे दिवस मग फारच कमी, गोड निघतात.

बिल जुळवायच्या भानगडीत पडू नका. तिमाहीअखेरची येणे बाकी घ्या. त्यातून शेवटच्या महिन्याची रोख-उधार मिळून एकूण विक्री वजा करा, मग त्याआधीच्या महिन्याची, बाकी संपेपर्यंत. जितके दिवस मागे जावं लागलं तितके तुमचे दिवस. पैसे जुन्या बाकीपोटी आले असं यात आपोआप धरलं जातं, आणि गिऱ्हाईकही तसंच धरतं.

आणखी एक. 22 सप्टेंबर 2025 ला सिमेंटवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. हार्डवेअरवाल्यांची विक्री करासकट घेतली असेल तर तीच पोती विकूनही विक्री पडलेली दिसेल. करपात्र रक्कम घ्या. येणे बाकीत कर राहतोच, तिथं तेवढा अंदाजाने काढा.

रोजमेळ

जालनेकर, पाय कुठं आहेत तुमचे? दोन रात्री बसलो. माझ्याकडच्या निम्म्याहून जास्त खात्यांत ऑन अकाउंट निघालं. पोराला बोललो तर म्हणे, "तुम्हीच सांगितलं होतं घाईत टाकून दे." सांगितलं होतं खरं.

मध्यक यांच्या प्रश्नाचं उत्तर: नाहीत. 52 पैकी सहा गेले. चार कृषी सेवा केंद्रं, एक कापडवाले, एक आडत. दोघांनी शटर कायमचं ओढलं, बाकीच्यांनी हिशेब लिहून घेणंच बंद केलं. सगळ्यात जास्त थकलेले हेच होते, म्हणून 2024 च्या सरासरीत ते आहेत आणि 2025 च्या नाहीत. उरलेली 46 च दोन्ही वर्षांना धरून, तुमच्या येणे बाकीच्या पद्धतीने, मधला आकडा काढला तर फरक दोन दिवसांवर आला.

त्या दोन दिवसांचाही उलगडा काल झाला. पेपर घेऊन आलेले तेच गृहस्थ परत आले होते. त्यांचेही दिवस कमी दिसतात. विचारलं तर म्हणाले, "कमी होतीलच की. यंदा रब्बीला उधार दिलंच कुठं? पाटीच लावली, उधार बंद. गिऱ्हाईक निम्मं झालं, पण जे येतं ते फोनपे करून जातं."

म्हणजे दिवस कमी झाले ते वसुली सुधारली म्हणून नाही. माझ्या तक्त्यात हे सुधारणा म्हणून पडलं होतं.

मध्यक

हेच हवं होतं. आता दिवसांचा आकडा एकटा कधीच देऊ नका. शेजारी एकूण विक्रीत उधारीचा वाटा आणि तिमाहीत बंद पडलेली दुकानं असे दोन रकाने ठेवा. परदेशी निर्देशांकांत बिलावर मुदत छापलेली असते, त्यामुळे उशीर मोजता येतो. आपल्याकडं मुदत म्हणजे "सोयाबीन आलं की".

महिनावार तुलना टाळा. लक्ष्मीपूजन 2024 ला 1 नोव्हेंबरला होतं, 2025 ला 21 ऑक्टोबरला. ऑक्टोबर-नोव्हेंबर एकत्रच घ्या.

रोजमेळ

महिनावार तसंही जमत नाही. किराणावाले रोख विक्री महिनाअखेरीला फोनवर एका आकड्यात सांगतात, तोही गोल.

एक शंका राहिली. हे आकडे इथं टाकू का? नावं काढली तरी उदगीरात डाळ मिल म्हटलं की लोक बोट दाखवतील.

जालनेकर

डाळ मिल सोडूनच द्या, आणि दहापेक्षा कमी दुकानांचा गट छापू नका. आधी प्रत्येकाला विचारा. पुस्तकं त्यांची आहेत, आपण लिहिणारे.

माझ्याकडं 2024 आणि 2025 दोन्हीची चाळीसेक दुकानं निघतील. टॅलीचा बॅकअप मिळणार नाही, फक्त बेरजा. बंद पडलेली धरून. चालेल?

रोजमेळ

चालेल. रकाने कोणते ते उद्या टाकतो. परभणी, हिंगोलीकडचं कुणी हिशेब लिहिणारं असेल तर हात वर करा.