महाविद्यालयाचा उद्योजकता कक्ष: वर्षभरात नेमके काय करावे?

प्रश्न: वाणिज्य_सोलापूर

नमस्कार. मी सोलापुरातील एका महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असून यंदा आमच्या उद्योजकता कक्षाची विद्यार्थीप्रमुख म्हणून माझी निवड झाली आहे. कक्षात वीस सभासद आहेत आणि वर्षभराच्या खर्चासाठी पंधरा हजार रुपये मंजूर झाले आहेत. सभासदांमध्ये सरळ दोन तट पडले आहेत. काहींच्या मते आयआयटी मुंबईची ‘युरेका’ (व्यवसाय-कल्पनांची) किंवा ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’ (दिलेल्या समस्येवर तोडगा शोधण्याची) यांसारख्या स्पर्धांच्या तयारीवर वर्ष खर्च करावे, कारण त्याची नोंद प्रमाणपत्रावर राहते. उरलेल्यांना महोत्सवात स्टॉल लावून प्रत्यक्ष काहीतरी विकायचे आहे. सत्र परीक्षा आणि हजेरी सांभाळून आठवड्याला फार तर चार तास हाती लागतात, त्यामुळे दोन्ही नीट होतील असे मला वाटत नाही. शिवाय अभियांत्रिकीला असलेल्या एका मित्राने ठिबकच्या नळीतील क्षार काढण्याचे एक छोटे उपकरण बनवले असून ते आमच्या कक्षामार्फत स्पर्धेत मांडावे असा त्याचा आग्रह आहे. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १: माजी_कक्षसदस्य

ताई, स्टॉल अवश्य लावा, परंतु आमच्यासारखा लावू नका. तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही महोत्सवात शेंगा चटणीची शंभर ग्रॅमची दोनशे पाकिटे चाळीस रुपयांना एक या दराने विकली. दाणे, मिरची, लसूण, कांडपाची मजुरी आणि पाकिटे मिळून ५,२०० रुपये खर्च आला होता, आणि गल्ला ८,००० भरला. निरोपाच्या कार्यक्रमात आम्ही २,८०० रुपयांचा नफा जाहीर करून टाळ्याही घेतल्या.

पुढच्या आठवड्यात तीस पाकिटे परत आली. चटणीला तेल सुटले होते आणि आम्ही घेतलेली पातळ पिशवी मेणबत्तीच्या आचेवर चिकटवलेली असल्यामुळे ते कडेने झिरपून लोकांच्या दप्तरांतील वह्यांना लागले होते. बाराशे रुपये परत करावे लागले. मग एका मैत्रिणीने शांतपणे विचारले की तिच्या आईने चार दिवस दाणे भाजून, सोलून, पाखडून दिले, ते कोणत्या रकान्यात लिहिले आहे? दिवसाला चारशे रुपये मजुरी धरली तर उरलेल्या सोळाशे रुपयांचे शून्य झाले, आणि गॅस तर आम्ही कधी मोजलाच नव्हता. त्या एका संध्याकाळी परिव्ययलेखा, म्हणजे वस्तूला नेमका किती खर्च येतो ते काढण्याचा विषय, मला जितका कळला तितका संपूर्ण सत्रात कळला नव्हता.

खाद्यपदार्थ निवडणार असाल तर अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी घरगुती उत्पादकालाही लागते आणि पाकिटावर तो चौदा अंकी क्रमांक, निव्वळ वजन, वेष्टनाची तारीख व किंमत छापावी लागते, हे आधीच ध्यानात घ्या. आम्हाला ते पाकिटे छापून झाल्यावर कळले.

उत्तर २: समन्वयक_प्राध्यापक

मी एका महाविद्यालयात अशाच कक्षाचा समन्वयक आहे, त्यामुळे थोडे घरचे सांगतो. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या नवोन्मेष (इनोव्हेशन) कक्षाने २०१८ पासून महाविद्यालयांत नवोन्मेष परिषदा स्थापन करायला सुरुवात केली. या परिषदांनी केलेल्या उपक्रमांवरून महाविद्यालयाला तारांकित श्रेणी मिळते, आणि म्हणून अहवाल व छायाचित्रे वेळेत चढवणे हेच आमच्यापैकी अनेकांचे मुख्य काम होऊन बसते. व्याख्यान ठेवणे सर्वांत सोपे असते, म्हणून व्याख्यानेच अधिक होतात. तुमच्या समन्वयकांनी दर महिन्याला एक व्याख्यान ठेवा असे सुचवले, तर त्यामागची ही अडचण समजून घ्या आणि तुमच्या विक्रीच्या उपक्रमाचाच नीटसा अहवाल त्यांना लिहून द्या. त्यांचेही काम होईल.

स्पर्धा निरुपयोगी आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. हॅकेथॉनमध्ये समस्या मंत्रालये आणि संस्था देतात, संघ सहा जणांचा असतो आणि त्यात किमान एक विद्यार्थिनी असावीच लागते. दुसऱ्याने दिलेल्या चौकटीत मुदतीच्या आत काम उरकण्याची सवय तेथे लागते. ‘युरेका’सारख्या स्पर्धेत परीक्षक आकड्यांवर बोट ठेवतात. ज्याने काहीच विकलेले नसते तो तेथे अंदाजाचे आकडे सांगतो आणि दोन प्रश्नांत उघडा पडतो. म्हणून क्रम लावायचाच असेल तर आधी विक्री आणि मग स्पर्धा, असा लावावा.

आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यामुळे रुजलेली ‘कमवा आणि शिका’ ही परंपरा आहे आणि अनेक जण उद्योजकता कक्षाला तिचाच नवा अवतार समजतात. मला ते पूर्णपणे पटत नाही. त्या योजनेत विद्यार्थ्याला केलेल्या तासांचा मोबदला मिळतो, माल पडून राहण्याचा घोर त्याला नसतो. तुमच्या कक्षात नेमका तो घोर अनुभवायला मिळाला पाहिजे.

आता तुमच्या मित्राच्या उपकरणाविषयी. पेटंटचा अर्ज दाखल करण्यापूर्वी त्याची आतील रचना कोणत्याही व्यासपीठावर उघड करू नये, कारण जाहीर झालेली गोष्ट नवीन राहत नाही आणि तेवढ्यावरून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. आधी तात्पुरत्या स्वरूपाचा अर्ज करता येतो आणि संपूर्ण तपशील त्यानंतर बारा महिन्यांच्या आत द्यायचा असतो. शिक्षणसंस्थेच्या नावाने अर्ज केल्यास २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलत आहे, पण मग मालकी कोणाची हे आधी लेखी ठरवून घ्यावे. तोपर्यंत स्पर्धेत मांडायचेच असेल तर कोणत्या शेतकऱ्याची कोणती अडचण दूर झाली आणि किती वेळ वाचला, एवढेच सांगावे.

उत्तर ३: घाऊक_व्यापारी

माझे शिक्षण बारावीपर्यंत आहे, तीस वर्षे किराणा मालाचा घाऊक व्यापार करतो. दोनच गोष्टी सांगतो. ते पंधरा हजार रुपये खर्चाचे समजू नका, फिरते भांडवल समजा, म्हणजे माल घ्यायचा, विकायचा आणि आलेल्या पैशांतून पुन्हा माल घ्यायचा. चार गट करून प्रत्येकाला तीन हजार द्या, तीन हजार हाताशी राखा, आणि प्रत्येक गटाला रोजमेळ, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, रोजच्या रोज लिहायला लावा. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलेला रोजमेळ खोटाच असतो.

दुसरे म्हणजे महाविद्यालयाच्या आवारातील विक्रीवर जाऊ नका. तेथे मित्र घेतात, सर घेतात, मैत्रिणीची मावशी घेते, आणि मुलांना वाटते की माल चालला. ओळखीखातर एकदा घेतलेल्या मालावरून बाजार कळत नाही. एखाद्या रविवारी आठवडी बाजारात, जेथे तुम्हाला कोणी ओळखत नाही, तेथे चार तास बसा. उधारी देऊ नका. मित्राला तर मुळीच नको.

प्रश्नकर्ती: वाणिज्य_सोलापूर

सर्वांची मनापासून आभारी आहे. स्पर्धेचा विषय जानेवारीपर्यंत बाजूला ठेवून चार गटांना भांडवल देण्याचा प्रस्ताव उद्याच्या बैठकीत मांडते आहे, आणि मित्राला अर्जाविषयी कळवले आहे. काका, एखाद्या गटाचे तीन हजार बुडाले तर ते त्यांच्याकडून भरून घ्यावेत का?

उत्तर ४: घाऊक_व्यापारी

घेऊ नका, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी गटात येणार नाही. मात्र तो गट वही उघडून सर्वांसमोर कोठे चुकले ते सांगेल, आणि बुडालेली रक्कम पुढच्या वर्षीच्या भांडवलातून तितकीच कमी होईल, हे पैसे देण्यापूर्वीच ठरवून ठेवा. बँकेतून पैसे दोन सह्यांनी निघतील असे पाहा, त्यांपैकी एक सही सरांची असू द्या.

उत्तर ५: माजी_कक्षसदस्य

आणि चटणीच करणार असाल तर पिशव्या जाड घ्या आणि सील करण्याचे यंत्र कोणाकडून तरी मागून आणा.