मदत हवी आहे: नळाच्या दिवशी सकाळी दोन कुत्र्यांना कसं आवरावं?

नमस्कार मंडळी,

लातूरहून लिहितेय. घरी सासू-सासरे, आम्ही दोघं, सातवीतला मुलगा आणि दोन कुत्री. सर्जा दीड वर्षाचा, कारवान ह्या शिकारी जातीचा, चाकूर तालुक्यातल्या जानवळचा. जानवळची कुत्री आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहेत. उंच, कमरेत बारीक, सशामागं धावायलाच जन्मलेली. दुसरी चिमी. ती गल्लीतलीच, एका पावसात जिन्याखाली येऊन बसली ती राहिलीच. दिवसभर दोघंही गुणी असतात. घोळ होतो तो सकाळी साडेपाच ते साडेसात, आणि त्यातही नळाच्या दिवशी.

आमच्या गल्लीत नळ आठवड्यातून एकदा येतो. पाणी यायच्या आधी नळातून नुसती हवा येते, फुस्स फुस्स. आम्हाला तो आवाज अंगणात उभं राहिलं तरच कळतो, चिमीला घरात झोपेत कळतो. ती उठते आणि अशी भुंकते की अख्खी गल्ली बादल्या घेऊन बाहेर. शेजारच्या काकूंनी तर गजर लावायचाच सोडलाय. चिमीच्या भुंकण्याबद्दल माझी तक्रार नाही.

पुढचं ऐका. नळाचं पाणी पाइपानं हौदात सोडतो आणि हौदातून मोटारीनं वरच्या टाकीत चढवतो. पाणी सुटलं की हिरवा पाइप अंगणात वळवळायला लागतो. आमच्याकडं सापाला जनावर म्हणतात, आणि सर्जा त्या पाइपाला जनावरच समजतो. दबा धरतो, झेप घेतो, बरोबर मध्यावर धरतो आणि मान झटकून आपटतो. मागच्या खेपेला पाइपाला सात भोकं पडली. मी दोन बोटांनी बुजवली, मुलानं दोन, उरलेल्या तिनांतून कारंजी. एक थेट खिडकीतून आत, सासऱ्यांच्या चष्म्यावर. ह्यांनी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधेपर्यंत सर्जानं पाइपाचं दुसरं टोक तोंडात धरून फाटकापर्यंत नेलं होतं. पाणी गल्लीत, हौद अर्धा.

इथं मला सासूबाईंची बाजू सांगितलीच पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, त्या उन्हाळ्यात त्या टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या राहिल्यात. भांडी विसळलेलं पाणी त्या आजही झाडालाच घालतात. गल्लीतून वाहत जाणारं पाणी बघून त्या नुसत्या "काय करलालाय हे कुत्रं" एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. संध्याकाळी शांतपणे सांगितलं, पुढच्या नळाला असंच झालं तर सर्जाला शेतावर धाडायचं. मला त्यांचा राग येत नाही. रोज शेवटची बारकी भाकरी त्याच्यासाठी थापतात त्याही त्याच.

बाकीची सकाळही सांगते, म्हणजे अंदाज येईल. सासऱ्यांनी पूजेची घंटी वाजवली की चिमी मान वर करून सूर लावते, आरती संपेपर्यंत. सासरे आवाज चढवतात, ती आणखी चढवते. तेवढ्यात सर्जा ओट्यापाशी. त्याचं तोंड ओट्यावर आरामात पोचतं. टोपल्यातली भाकरी गेली तर जाऊ द्या, पण परवा चिरलेल्या कांद्याच्या ताटलीला तोंड लावत होता. कांदा कुत्र्याला विषासारखा असतो हे माहीत असल्यामुळं मी हातातली परात टाकून धावले आणि ज्वारीचं पीठ सगळ्या घरभर. सव्वासहाला दूधवाला येतो. त्याची मोटारसायकल निघाली की सर्जा चार फुटी भिंतीवरून पलीकडं. मुलगा एका पायात मोजा, एका हातात दप्तर, त्याच्या मागं. दुसरा मोजा चिमीच्या तोंडात.

बांधून पाहिलं. सर्जा बांधला की असा रडतो की शेजारी विचारायला येतात, आणि पट्टा ओढून मानेला चट्टा पडला. मोरीत कोंडलं तर दार कुरतडलं. पाच वाजता वीस मिनिटं फिरवून आणते, त्यानं काही फरक नाही. ओल्या अंगणात मोटारीची वायर असते, तिची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

सर्जाला धाडायचं नाही. मुलाला ताप आला होता तेव्हा तीन रात्री तो खाटेखालून हलला नव्हता. पाइपाचं काय करू? घंटीचं काही करता येतं का? नळाला सहा दिवस आहेत.

प्रतिसाद, परभणीहून

ताई, माझ्याकडं दोन कारवान होते. वीस मिनिटं पट्ट्यानं चालवणं म्हणजे त्याच्यासाठी काहीच नाही. ह्या जातीला पळायला लागतं. भिंतीनं बंदिस्त मैदान असेल तर तिथं पहाटे मोकळा सोडा, जीव तोडून पळू द्या. नसेल तर लांब दोरी लावून, पण ती गळ्यातल्या पट्ट्याला नको, छातीच्या पट्ट्याला लावा. भरधाव असताना मानेला हिसका बसला तर इजा होते. हलतं दिसलं की धावायचं, हे त्याच्या रक्तातच आहे, त्यासाठी मारू मात्र नका.

पाइपाची सवय आजपासून लावा. पाणी नसताना पाइप अंगणात टाका, सर्जाला लांब बसवा, बघून शांत राहिला की भाकरीचा तुकडा. मग पाइप जरासा हलवा, पुन्हा तुकडा. झेप घेतली तर तुम्ही घाई केली असं समजा, एक पायरी मागं या. सहा दिवसांत पूर्ण जमणार नाही, म्हणून ह्या नळाला त्याला मुलाबरोबर गच्चीवर ठेवा. वायर आधी उंचावर बांधा, आजच.

प्रतिसाद, उदगीरहून

घंटीनं कान दुखतात म्हणून कुत्री रडतात असं नेहमीच नसतं. पुष्कळदा ती सुरात सूर मिसळत असतात. चिमी शेपूट खाली घालून लपत नसेल तर तिला त्रास होत नाहीये. लपत असेल तर पूजेच्या वेळी तिला मागच्या खोलीत चघळायला काहीतरी द्या.

कांद्याचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, सगळाच वाईट. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात. लसूण, द्राक्षं, मनुकेही नकोत. सर्जानं खरंच खाल्ला असेल आणि हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा लघवी लालसर झाली तर लगेच डॉक्टर गाठा. आमच्या गावात पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरहून फार लांब नाही. मानेचा चट्टाही दाखवून घ्या.

धागाकर्तीचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काल नळ येऊन गेला. कांदा पोटात गेला नव्हता, हिरड्या गुलाबी आहेत, रोज बघतेय. वायर ह्यांनी त्याच दिवशी भिंतीवरून वर घेतली. शाळेच्या कुंपणाच्या मैदानात पहाटे सर्जाला अर्धा तास पळवला, आल्यावर घटाघटा पाणी प्यायला आणि पसरला. चिमी भुंकली, नळ आला, सर्जा मुलाबरोबर गच्चीवर. कठड्यातून पाइपाकडं बघत अंग थरथरत होतं, पण मुलगा तुकडे देत राहिला आणि तो बसून राहिला. हौद काठोकाठ भरला. सासूबाईंनी दोनदा झाकण उघडून बघितलं आणि मग बारकी भाकरी स्वतः गच्चीवर नेऊन दिली.

चिमी लपत नाही, गातेच. सासरे म्हणाले, गाऊ दे.

दूधवाल्याचं अजून जमलेलं नाही. आज पुन्हा भिंतीवरून गेला. भिंत वाढवायची की दूधवाल्याच्या हातून त्याला खायला द्यायला लावायचं? परभणीच्या दादा, तुमच्या कारवानांचं तुम्ही काय केलं होतं?